प्रेस: शब्द एक, मुळं दोन

प्रश्न असा आला आहे: नाशिकरोडला नोटा छापतात ती प्रेस, गल्लीतल्या लाँड्रीच्या पाटीवरचं ‘प्रेस’, मोटरसायकलच्या नंबरप्लेटवर लाल अक्षरांत लिहिलेलं ‘प्रेस’ आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यातला पॉवर प्रेस, हे सगळे मुळात एकच शब्द का? शिवाय शाळांच्या बस निवडणुकीच्या कामाला लावल्या की इंग्रजी बातमीत त्या ‘प्रेस्ड इन्टू सर्व्हिस’ होतात. तिथे कोण कोणाला दाबतो?

पहिले चारही एकाच घरातले आहेत. पाचवा मात्र परका. या घराचं आडनाव लावून तो इतकी वर्षं इथे राहतो आहे की इंग्रजी बोलणाऱ्यांनाही तो घरचाच वाटतो. त्याच्याकडे शेवटी येऊ.

घरातल्यांचा मूळपुरुष म्हणजे लॅटिन क्रियापद ‘प्रेमेरे’, अर्थ दाबणे. त्याचं ‘दाबलेलं’ या अर्थाचं रूप ‘प्रेस्सुस’. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये दाबण्याचं क्रियापद आलं आणि ‘प्रेस’ हे नामही आलं. इंग्रजीत हे नाम पहिल्यांदा दिसतं तेव्हा त्याचा अर्थ यंत्र असा नाही, गर्दी असा आहे. तेराव्या शतकातल्या इंग्रजाला ‘प्रेस’ म्हटलं की माणसांची दाटी आठवायची. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये मार्कच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाताच्या रोग्याला येशूपर्यंत नेता येत नाही, कारण काय तर ‘द प्रेस’. आजच्या वाचकाला वाटेल, पत्रकारांनी वाट अडवली. मराठीत याला नेमका जुळणारा शब्द ‘रेटा’. गर्दीचा रेटा आणि कामाचा रेटा, दोन्ही आपण एकाच शब्दात म्हणतो. इंग्रजीतही ‘प्रेस ऑफ बिझनेस’ म्हणजे कामाचा रेटाच.

यंत्राचा अर्थ चौदाव्या शतकापर्यंत रुळला होता. कापड दाबायचं, द्राक्षं पिळायची, तेल गाळायचं, या सगळ्या साधनांना ‘प्रेस’. आपण मात्र यात काटेकोर. उसाला चरक, तेलाला घाणा, चकलीला सोऱ्या. इंग्रजीला जिथे एक शब्द पुरतो तिथे मराठीत प्रत्येक कामाला वेगळं अवजार आणि वेगळं क्रियापद आहे: दाबणे, चेपणे, पिळणे, गाळणे, दडपणे, रेटणे. ‘प्रेस’चं भाषांतर चुकतं ते बहुतेक वेळा याच ठिकाणी. शब्दकोशातला पहिला अर्थ ‘दाबणे’ उचलून सगळीकडे चिकटवला जातो.

यंत्र कसं चालतं ते पाहायचं तर भांडीबाजारातून पितळी सोऱ्या आणावा. दांडी फिरवणारा, आट्यांचा. आत पीठ, खाली भोकांची चकती, वर दट्ट्या. दांडी मध्यापासून १० सेंटिमीटर लांब असेल तर एका फेरीत हाताचं टोक सुमारे ६३ सेंटिमीटर फिरतं. तेवढ्यात दट्ट्या उतरतो आट्यांमधल्या अंतराएवढाच, समजा अर्धा सेंटिमीटर. म्हणजे कागदावर हाताचा जोर सव्वाशे पट होतो. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त जोर आट्यांच्या घर्षणात जातो, म्हणून आट्यांना तेलाचं बोट लागतं. पीठ घट्ट झालं की दांडी अडते आणि जोर केला तर आटे झिजतात. युरोपात द्राक्षं पिळायचं लाकडी यंत्र याच तत्त्वावर चालायचं. स्क्रूचा असा प्रेस रोमन लोकांकडे इसवी सनाच्या पहिल्या शतकात होता.

द्राक्षांचा विषय नाशिकमध्ये निघाला की दोन वाक्यांत आटपत नाही, आणि आटपूही नये, कारण दिंडोरी-निफाडच्या वायनरीत ‘प्रेस’ हा शब्द रोज आणि जुन्या अर्थानेच वापरला जातो. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षं आंबवण्याआधी प्रेसमध्ये जातात. लाल वाइनसाठी सालांसकट आंबवून झाल्यावर, कारण रंग सालीत असतो. आजचा प्रेस म्हणजे आडवं पिंप. त्याच्या आत रबरी पडदा असतो, तो हवेने फुगतो आणि द्राक्षं जाळीवर दाबली जातात. सुरुवात ०.२ बारच्या आसपास (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाएवढा दाब), मग थांबत-थांबत दीड, फार तर दोन बारपर्यंत. मध्येच हवा सोडून पिंप फिरवतात, म्हणजे चोथ्याचा लगदा मोकळा होतो आणि आत अडकलेला रस सुटतो. घाई करून दाब एकदम चढवला तर साली आणि बिया चिरडतात, रसात तुरट-कडू अंश उतरतो, आणि तो पुढे काढता येत नाही. दाब न देता नुसत्या वजनाने सुटलेला रस वेगळा ठेवतात, दाबून काढलेला वेगळा. त्या दुसऱ्याला ‘प्रेस फ्रॅक्शन’ म्हणतात. एक टन द्राक्षांतून साधारण ६०० ते ७०० लिटर रस निघतो.

आता छपाई. १४५० च्या सुमारास जर्मनीतल्या माइंट्स गावी गुटेनबर्गने धातूचे सुटे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, जुळवून छापायला सुरुवात केली. त्याला दाबायचं यंत्र हवं होतं, आणि द्राक्षं, कापड, कागद दाबायचे स्क्रूचे प्रेस आसपास होतेच. फरक एवढाच की द्राक्षांना दाब हळूहळू वाढवत टिकवून धरावा लागतो, आणि छपाईला एक झटका हवा: दाबलं की लगेच सोडायचं. म्हणून छपाईच्या स्क्रूचे आटे जास्त तिरपे करावे लागले, म्हणजे दांडा थोडासा ओढला तरी पाटा पुरेसा खाली येतो. एक जण खिळ्यांवर शाई लावणार, दुसरा दांडा ओढणार. दोन माणसांच्या अशा जोडीकडून तासाला २५० तावांची अपेक्षा असायची. छपाईच्या यंत्राला ‘प्रेस’ हे नाव चिकटलं ते या दाबामुळे. मजा अशी की ‘प्रिंट’ हा शब्दही फ्रेंचमार्गे त्याच ‘प्रेमेरे’तून आला आहे. म्हणजे ‘प्रिंटिंग प्रेस’ हा शब्दप्रयोग व्युत्पत्तीने पाहिला तर आपल्या ‘पिवळा पितांबर’च्या जातीचा.

मराठीने मात्र वेगळा रस्ता धरला. आपण छापखाना म्हटलं, म्हणजे छाप उमटवायची जागा. आणि मुद्रणालय म्हटलं, ते ‘मुद्रा’ म्हणजे शिक्का यावरून. इंग्रजाचं लक्ष दाबाकडे गेलं, आपलं उमटलेल्या ठशाकडे. मधल्या काळात ‘शिळाप्रेस’ असा जोडशब्दही होऊन गेला: दगडावर उलटं लिहून छापायची ती पद्धत. लिंगाचा घोळ तेव्हापासून मिटलेला नाही. छापखान्याच्या ओढीने कोणी ‘प्रेस बंद पडला’ म्हणतो, कोणी ‘पडली’. दोन्ही कानावर पडतात. एका मजकुरात एकच ठेवावं, एवढंच. या उत्तरात यंत्र असेल तिथे पुल्लिंग आणि छपाईची संस्था असेल तिथे स्त्रीलिंग ठेवलं आहे.

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये हा दाब आजही शब्दशः आहे. ऑफसेट यंत्रात कागदावर दाब बेताचाच असतो आणि डिजिटल यंत्रात तर नावापुरता. तरी त्यांना प्रेस म्हणतात, कारण नाव मागे राहिलं. नोटेचं तसं नाही. नोटेची पार्श्वभूमी ऑफसेटने छापली जाते, पण मुख्य चित्र इंटॅग्लिओ पद्धतीने. यात प्लेटवर रेषा खोल कोरलेल्या असतात, दाट शाई त्या खाचांत भरते, प्लेटचा वरचा भाग पुसून घेतात, आणि कागद इतक्या जोराने दाबतात की तो खाचांत शिरून शाई उचलून आणतो. म्हणून रेषा वर उठून दिसतात. ५०० ची करकरीत नोट घ्या, डोळे मिटा आणि गांधीजींच्या चित्रावरून अंगठा फिरवा. मग डाव्या-उजव्या कडेच्या तिरप्या रेषांवरून फिरवा. ५०० वर त्या पाच, १०० वर चार. हा खरबरीतपणा म्हणजे प्रेस या शब्दाचा मूळ अर्थ, बोटाला लागणारा. साध्या यंत्रावर छापलेली बनावट नोट इथे गुळगुळीत लागते. खूप हाताळलेली खरी नोटही झिजून गुळगुळीत होते, त्यामुळे एवढ्या एकाच खुणेवर विसंबू नये.

इथून पुढे अर्थ पायऱ्यापायऱ्यांनी सरकतो. यंत्राचं नाव यंत्र असलेल्या जागेला, जागेचं नाव संस्थेला, संस्थेचं नाव तिथून बाहेर पडणाऱ्या मालाला, मालाचं नाव तो लिहिणाऱ्या माणसांना. शेवटी ‘गुड प्रेस’, ‘बॅड प्रेस’ म्हणजे वर्तमानपत्रांत झालेलं कौतुक किंवा बदनामी. यंत्र ही पहिली पायरी धरली तर नंबरप्लेटवरचा ‘प्रेस’ पाचव्या पायरीवरचा, आणि नाशिककर ‘तो प्रेसला आहे’ म्हणतो तो दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरचा. मुंबईत हेच वाक्य टाकलं तर ऐकणारा विचारेल, कुठल्या पेपरात? इथे उलट प्रश्न येतो: नाशिकरोडच्या की गांधीनगरच्या? नाशिकरोडला दोन आहेत. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ ची. टपाल तिकिटं, मुद्रांक कागद, पासपोर्ट तिथे छापले जातात. करन्सी नोट प्रेस १९२८ ची, देशात नोटा छापणाऱ्या चार ठिकाणांपैकी एक. दोन्ही २००६ पासून केंद्राच्या एकाच महामंडळाखाली आहेत. गांधीनगरची प्रेस भारत सरकारचं मुद्रणालय, नोटांशी तिचा संबंध नाही. इंग्रजीत लिहिताना ‘ही इज इन द प्रेस’ असं लिहिलं की तो पत्रकार होतो. करन्सी नोट प्रेसचं पूर्ण नाव लिहावं, किंवा निदान ‘ॲट द प्रेस’ म्हणावं.

तिसरी पायरीही फसवी आहे. ‘ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस’ला ‘विद्यापीठ मुद्रणालय’ म्हणणारी भाषांतरं दिसतात. ती प्रकाशन संस्था आहे. ऑक्सफर्डमधला तिचा स्वतःचा छापखाना १९८९ मध्येच बंद झाला. उलट मराठी प्रकाशकांची ‘प्रेसकॉपी’ इंग्रजीत जशीच्या तशी नेऊ नये. आपल्याकडे ती छपाईला द्यायची शेवटची तपासलेली संहिता. इंग्रजीत मात्र जुना ‘प्रेस कॉपी’ म्हणजे ओल्या शाईच्या पत्रावर पातळ कागद दाबून काढलेली नक्कल. ती काढायच्या यंत्राचं पेटंट १७८० मध्ये जेम्स वॅटने घेतलं होतं, तोच वाफेच्या इंजिनवाला.

वर्तमानपत्रांच्या अर्थाने ‘प्रेस’ कायद्यातही आहे. १८७८ चा देशी भाषांतील वृत्तपत्रांवरचा कायदा ‘व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्ट’ या नावानेच बदनाम झाला. आपल्या राज्यघटनेच्या मूलभूत हक्कांत मात्र ‘प्रेस’ हा शब्द नाही. अनुच्छेद १९ मध्ये आहे ‘स्पीच अँड एक्स्प्रेशन’, आणि वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य न्यायालयांनी त्यातूनच काढलं. व्युत्पत्तीच्या अंगाने पाहिलं तर फार लांब जावं लागलं नाही. ‘एक्स्प्रेशन’ हेही ‘प्रेमेरे’चंच: आतलं दाबून बाहेर काढणे. एक्स्प्रेस गाडीचं नावही तिथलंच. ‘एक्स्प्रेस’ म्हणजे आधी स्पष्ट सांगितलेलं, मग मुद्दाम त्याच कामासाठी काढलेलं, मग मुद्दाम धाडलेला जासूद, मग मुद्दाम सोडलेली गाडी, आणि शेवटी नुसतीच वेगाची गाडी. पंचवटी एक्स्प्रेस लेट झाली तरी तिचं नाव खोटं ठरत नाही, कारण मूळ अर्थात वेग नव्हताच. एस्प्रेसो कॉफी इटालियनमधून आली, तीही दाबानेच काढलेली, ९ बारच्या आसपास. ‘रेप्रिमांड’, म्हणजे समज देणे, हासुद्धा याच कुळातला. मूळ भाव ‘ज्याला दाबायला हवं ते’.

नावात ‘प्रेस’ ऐकू येतं म्हणून प्रत्येकाला घरात घेऊ नये. ‘एम्प्रेस’ म्हणजे सम्राज्ञी, तिचं नातं हुकूम देण्याच्या क्रियापदाशी. नागपूरच्या एम्प्रेस मिलला नाव मिळालं ते व्हिक्टोरिया राणीवरून, कापूस दाबण्यावरून नव्हे. सुरूसारखं उंच ‘सायप्रेस’ झाड ग्रीकमधून आलेलं. आणि ‘प्रेस्टीज’चं मूळ लॅटिनमध्ये हातचलाखी, नजरबंदी असं आहे. तेव्हा प्रेस्टीजचा प्रेशर कुकर घरात असेल तर त्याच्या नावातला दाब फक्त दुसऱ्या शब्दात आहे.

लाँड्रीवरचा प्रेस सरळ आहे. आपल्या ‘इस्त्री’चं मूळ पोर्तुगीजांच्या ‘ताणणे’ या क्रियापदात सांगतात, तर इंग्रजीचं लक्ष पुन्हा दाबावर. शिंपीकामात मात्र ‘आयर्न’ आणि ‘प्रेस’ यांत खरा भेद आहे. आयर्न करताना इस्त्री सरकवतात. प्रेस करताना ती उचलून ठेवतात, दाबतात, पुन्हा उचलतात. शिवण बसवताना सरकवली तर कापड ओढलं जातं आणि शिवण वाकडी होते. लोकरीवर तर मध्ये ओलसर कापड घालूनच, नाहीतर चकाकी येते.

कारखान्यातल्या प्रेसची भाषांतरात होणारी चूक एकच, पण हमखास: ‘हंड्रेड टन प्रेस’चं ‘१०० टन वजनाचं यंत्र’ करणे. टन हा यंत्राच्या वजनाचा नाही, तो देत असलेल्या बळाचा आकडा आहे. २ मिलिमीटर जाडीच्या साध्या पोलादी पत्र्यात २० मिलिमीटर व्यासाचं भोक पाडायला भोकाचा परीघ गुणिले जाडी गुणिले पत्र्याची कातर-ताकद (कापलं जाताना पत्रा करतो तो विरोध), म्हणजे सुमारे साडेचार टन बळ लागतं. भोक पाडणारा पंच बोथट झाला की हा आकडा वाढतो आणि भोकाला उठलेली कड येते. जिनिंग-प्रेसिंगमधला प्रेस रुईची १७० किलोची गाठ बांधतो. त्यावर अधिक सांगण्यासारखं नाही. आयरिश कादंबरी वाचताना मात्र सावध राहावं. तिथे कप ‘प्रेस’मध्ये ठेवतात, तो प्रेस म्हणजे कपाट.

क्रियापदाकडे वळलं की चुका महाग पडतात. ‘ही प्रेस्ड चार्जेस’चं भाषांतर ‘त्याने आरोप दाबले’ असं केलं तर अर्थ बरोबर उलटा होतो. मराठीत प्रकरण दाबणं म्हणजे मिटवणं. इथे हवं ‘त्याने फिर्याद दिली’ किंवा ‘तक्रार लावून धरली’. ‘लावून धरणे’ हे फार उपयोगी क्रियापद आहे. मागणी, मुद्दा, हक्क, जे जे इंग्रजीत ‘प्रेस’ करतात ते ते मराठीत लावून धरता येतं. ‘प्रेसिंग नीड’ म्हणजे निकड. ‘हार्ड प्रेस्ड’ म्हणजे मेटाकुटीला आलेला. ‘प्रेस्ड फॉर टाइम’ म्हणजे हाताशी वेळ नसलेला. वाक्य समोर आलं की आधी विचारावं: कोणी, काय, कशाने दाबलं? खरोखर वस्तू दाबली असेल तर त्या कामाचं मराठी क्रियापद शोधावं. दाबलेली गोष्ट मागणी किंवा मुद्दा असेल तर लावून धरावं. आणि माणूस किंवा गाडी कामाला लावली असेल, दाबणं कुठेच दिसत नसेल, तर तो परका शब्द आहे हे ओळखावं.

त्या परक्याचं खरं नाव ‘प्रेस्ट’. मूळ लॅटिन ‘प्राएस्तारे’, म्हणजे पुरवणे, देऊ करणे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘प्रेस्त’ म्हणजे उसने किंवा आगाऊ दिलेले पैसे. इंग्लंडात सैन्यात, आरमारात माणूस घेताना हातावर ही रक्कम ठेवत, आणि ती घेतली की माणूस बांधला जाई. मराठीत याला तंतोतंत शब्द आहे: उचल. मुकादमाकडून उचल घेतलेला ऊसतोड मजूर हंगामभर बांधलेला असतो, तसंच. पुढे घोटाळा उच्चाराने केला. ‘प्रेस्ड’ हे दाबण्याचं भूतकाळी रूप इंग्रज ‘प्रेस्ट’ असंच उच्चारतो. त्यामुळे उचल दिलेला ‘प्रेस्ट’ माणूस ऐकणाऱ्याला दाबलेला वाटला. त्यात आरमाराच्या टोळ्या बंदरांतून माणसं बळजबरीने उचलू लागल्या, तेव्हा दाबण्याचा अर्थ पक्काच झाला. त्या टोळ्या म्हणजे ‘प्रेस गँग’. अमेरिकी जहाजांवरून ब्रिटिशांनी असे खलाशी उतरवून नेले, हे १८१२ च्या युद्धाचं एक कारण होतं.

जुनं रूप मेलेलं नाही. सरकारी कार्यालयांत ‘इंप्रेस्ट’ची रोकड असते ना, तो हाच शब्द, शेवटचा ‘ट’ शाबूत ठेवलेला. लिपिकाकडे ५,००० रुपये ठरवून दिले. ३,७४० खर्च झाले. पावत्या जोडून तेवढेच परत मागितले की रक्कम पुन्हा ५,००० होते. त्याचा कोणाला ‘इंप्रेस’ करण्याशी संबंध नाही. कारकुनी घाईत शेवटचा ‘ट’ गळला की उचलीऐवजी छाप पाडणारं क्रियापद कागदावर उमटतं, आणि तपासनीस लाल शाईने गोल करतो.

तेव्हा बसच्या बातमीत कोणी कोणाला दाबत नाही. आदेश काढून ताब्यात घेतल्या असतील तर ‘निवडणुकीसाठी शाळांच्या बस अधिग्रहित’. नुसत्याच हाताशी होत्या म्हणून वापरल्या असतील तर ‘शाळांच्या बसही कामाला जुंपल्या’.